नाल्याचा हिशेब : अंबा नाला, मोर्णा आणि आपण

वऱ्हाडातील जुनी शहरे पाण्याच्या काठाने वसली आणि व्यापाराने वाढली. अकोल्याचा असदगड मोर्णेच्या काठावर उभा आहे. अमरावतीत अंबादेवीच्या परिसरालगतून अंबा नाला वाहतो, आणि याच जुन्या वस्तीभोवती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, निजामाच्या राजवटीत, दगडी परकोट बांधला गेला. पेंढाऱ्यांच्या लुटीपासून येथील धनिक व्यापाऱ्यांचे रक्षण व्हावे, हा त्या तटबंदीचा हेतू होता. अंबागेट, जवाहरगेट ही नावे आजही आपल्या रोजच्या बोलण्यात आहेत.

आज पेंढाऱ्यांचे भय उरलेले नाही. मात्र पावसाळ्यातील एखाद्या रात्री नाल्याचे पाणी दुकानाच्या पायऱ्या चढून आत येते आणि सरकी, ढेप, डाळी, कापडाचे गठ्ठे यांची नासाडी करून जाते. जुलै २०२१ मध्ये मोर्णेच्या पुराने अकोल्यात अनेक घरांत पाणी शिरले, ही आठवण जुनी झालेली नाही. ज्या पाण्याच्या आधाराने शहरे वसली, त्याच पाण्याकडे शहरांनी पाठ फिरवली. दुकानाचे तोंड रस्त्याकडे आणि मागची मोरी नाल्याकडे, ही रचना इतकी अंगवळणी पडली आहे की तीत काही चुकीचे आहे, असे कोणास वाटतही नाही.

या लेखात एकच मुद्दा मांडावयाचा आहे. नाला साफ करणे आणि नाला सुधारणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्यासाठी उत्साह पुरतो; दुसऱ्यासाठी विचारपूर्वक केलेला आराखडा लागतो. आपल्या दोन्ही शहरांनी आजवर पहिले काम अनेकदा केले आहे. दुसरे अद्याप व्हावयाचे आहे.

मोर्णेने शिकविलेला धडा

जानेवारी २०१८ मध्ये अकोलेकरांनी जे केले, त्याचा अभिमान वाटावा असेच ते आहे. तत्कालीन जिल्हाधिकारी आस्तिककुमार पांडेय यांच्या पुढाकाराने मोर्णा स्वच्छता मोहीम उभी राहिली. संक्रांतीच्या आदल्या दिवशी, १३ जानेवारी रोजी, सुमारे ४ किलोमीटरच्या पट्ट्यात १४ ठिकाणी दोन्ही काठांची सफाई झाली. ६ हजारांहून अधिक नागरिक आणि १०० हून अधिक संस्था त्यात उतरल्या. शाळा-महाविद्यालयांतील मुले होती, ज्येष्ठ नागरिक होते, गृहिणी होत्या, व्यापारीही होते. नदी स्वच्छ होईपर्यंत दर शनिवारी सकाळी श्रमदान करण्याचा संकल्प झाला. २८ जानेवारीच्या ‘मन की बात’ या कार्यक्रमात पंतप्रधानांनी या कामाचा गौरवाने उल्लेख केला.

पुढे काय झाले, हे अकोलेकर जाणतातच. जलपर्णी पुन्हा आली. काढली, पुन्हा आली. यात श्रमदान करणाऱ्यांचा दोष तिळमात्र नाही. जलपर्णी हा रोग नव्हे, ते रोगाचे लक्षण आहे. सांडपाण्यातील नत्र आणि स्फुरद हे तिचे खाद्य. खाद्य मिळाले, पाणी संथ असले आणि ऊन असले की ही वनस्पती पंधरवड्यात दुप्पट होऊ शकते. वरचे पीक काढून घेतले आणि खालून खत घालणे चालूच ठेवले, तर शेतकऱ्याच्या शेतात जे होईल, तेच नदीच्या पात्रात झाले.

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्याचे भाविक गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी कावडीने पायी आणून राजराजेश्वराला अर्पण करतात. पाण्याविषयी एवढी श्रद्धा ज्या गावात आहे, त्या गावात श्रमदानाची उणीव कधीच भासणार नाही. उणीव आहे ती त्या श्रमांना टिकविणाऱ्या रचनेची.

दोन पाण्यांची सरमिसळ

नाल्याच्या दुखण्याचे निदान करण्यास प्रयोगशाळा लागत नाही. मार्च महिन्यात पुलावर उभे राहून खाली पाहावे. महिनोन्महिने पाऊस नाही, तरी पाणी वाहते आहे. हे पाणी आभाळातून आलेले नाही, आपल्या स्नानगृहांतून, मोऱ्यांतून आणि शौचालयांतून आलेले आहे.

त्याचे प्रमाण किती असावे? शहरी पाणीपुरवठ्यासाठी दरडोई दररोज १३५ लिटर हे माप आपल्याकडे धरले जाते आणि त्यातील सुमारे ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते, असे मानतात. म्हणजे माणशी सुमारे १०८ लिटर. २०११ च्या जनगणनेनुसार अमरावतीची लोकसंख्या सुमारे ६ लाख ४७ हजार, तर अकोल्याची सुमारे ४ लाख २६ हजार. या मापाने अमरावतीत रोज सुमारे ७ कोटी लिटर आणि अकोल्यात सुमारे ४ कोटी ६० लाख लिटर सांडपाणी निर्माण होईल. पुरवठा कमी असेल तर आकडा उतरेल, लोकसंख्या वाढली तशी तो चढेलही. पण त्याची कोटींतील जात बदलणार नाही.

अमरावतीत लालखडी येथे आणि अकोल्यात शिलोडा येथे मलशुद्धीकरण केंद्रे आहेत. तथापि केंद्र उभे राहणे आणि प्रत्येक घराची मोरी भुयारी गटारीला जोडली जाणे, या दोन गोष्टींत मोठे अंतर असते. व्यापाऱ्याला हे सहज उमगेल. जिनिंगचा कारखाना उभा केला, यंत्रे बसविली, परंतु कापूस आणावयास रस्ताच केला नाही, तर त्या यंत्रांचा उपयोग काय? घराघरातून येणारी जोडणी हा शुद्धीकरण केंद्राचा कच्चा माल आणणारा रस्ता होय. तो अपुरा असेल तोवर सांडपाणी आपला जुना मार्ग धरणार, आणि तो मार्ग म्हणजे नाला.

अंबा नाल्याचे पाणी पुढे पेढी नदीला जाऊन मिळते आणि पेढी पूर्णेला मिळते. ‘पेढी’ हा शब्द आपल्या समाजाला किती जिव्हाळ्याचा! ज्या जागी विश्वास सांभाळला जातो आणि पै-पैचा हिशेब चोख राहतो, ती पेढी. याच नावाच्या नदीच्या खात्यावर मात्र आपले शहर रोज न फेडता येणारी रक्कम नावे टाकीत आहे. संत गाडगेबाबांनी २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे येत असताना वलगावजवळ या पेढी नदीच्या पुलावरच देह ठेवला. आयुष्यभर हाती खराटा घेतलेल्या महापुरुषाच्या अखेरच्या क्षणाची साक्षी असलेली ही नदी. तिच्या पाण्याची स्थिती हा अमरावतीच्या प्रतिष्ठेचा प्रश्न आहे.

खाली पूर्णेचे खोरे म्हणजे खारपाणपट्टा. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांत सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरवर पसरलेल्या या प्रदेशात भूजल खारे आहे. तेथील शेतकऱ्याला नदी-नाल्याने वाहत येणारे गोडे पाणी केवढे मोलाचे, हे निराळे सांगावयास नको. वरच्या शहराने तेच नासवून खाली पाठविणे हा अन्याय आहे.

छपरे वाढली, नाला अरुंद झाला

सांडपाणी हे नाल्याचे बारमाही दुखणे. दुसरे दुखणे पावसाळ्यातील, आणि तेही आकड्यांनीच समजून घ्यावे.

१ चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला, की १ लिटर पाणी होते. १ हेक्टर जागेवर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस कोसळला, तर ५ लाख लिटर पाणी होईल. ती जागा शेत किंवा मोकळे मैदान असेल, तर हंगामाच्या सुरुवातीच्या पावसात समजा त्यातील ३० टक्के वाहून नाल्यात येईल. म्हणजे दीड लाख लिटर. त्याच जागेवर छपरे, काँक्रीटचे रस्ते आणि फरशीची अंगणे झाली, तर सुमारे ९० टक्के, म्हणजे साडेचार लाख लिटर पाणी वाहून येईल. पाऊस तोच, जमीन तीच, पाणी मात्र तिप्पट. शिवाय ते गुळगुळीत पृष्ठभागावरून आल्यामुळे एकदम येते. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० च्या शहरी पुरासंबंधीच्या मार्गदर्शक सूचनांत, शहरातील नाल्यांचा आराखडा करताना जवळजवळ सर्वच, म्हणजे ९५ टक्क्यांपर्यंत, पाणी वाहून येईल असे गृहीत धरावे, असे सुचविले ते याच कारणाने.

पाणी तिप्पट झाले असताना नाल्याची रुंदी मात्र घटत गेली. कोठे मागची भिंत हातभर पुढे सरकली, कोठे भराव पडला, कोठे पुलाखालची कमान गाळाने अर्धी बुजली, कोठे जलवाहिनीचा नळ पात्रातून आडवा गेला आणि त्याला प्लास्टिक अडकून बांध तयार झाला. प्रत्येक गोष्ट लहानशी. सर्वांची बेरीज म्हणजे पूर.

बँकेच्या सेवेत असताना तारणमालाच्या तपासणीसाठी अनेक गोदामांत जाण्याचा प्रसंग आला. पावसाळ्याच्या तोंडावर मी प्रथम पोत्यांकडे पाहत असे. ती थेट फरशीवर रचली आहेत की लाकडी फळ्यांवर, यावरून त्या मालकाला आपल्या भागातील पाण्याची किती जाण आहे ते कळे. नाल्याकाठचे जाणते व्यापारी फळ्यांवरच माल ठेवीत आणि भिंतीवर मागील पुराची खूण जपून ठेवीत. विमा मालाची भरपाई देईलही, पण हंगाम परत देत नाही. तुटलेले गिऱ्हाईक आणि दोन महिने बंद राहिलेले दुकान यांची नोंद मालाच्या साध्या विमा पॉलिसीत नसते.

काँक्रीटच्या भिंतींनी प्रश्न सुटतो काय?

नाल्याला पूर आला, की पहिली मागणी होते ती दोन्ही बाजूंना काँक्रीटच्या भिंती आणि तळाला काँक्रीट घालण्याची. मागणी स्वाभाविक आहे. जेथे जागाच उरलेली नाही आणि घरे अगदी काठावर आहेत, तेथे भिंत घालावी लागते, हे मान्य केले पाहिजे. तथापि संपूर्ण नाल्यावर हाच उपाय योजल्यास काय होते, ते पाहू.

एकाच उताराच्या आणि एकाच मापाच्या दोन नाल्यांत, काँक्रीटच्या नाल्यातील पाणी हे माती-गवताच्या नाल्यातील पाण्याच्या सुमारे दुप्पट वेगाने धावते. वरच्या वस्तीची सुटका झाली असे वाटते, परंतु तेच पाणी कमी वेळात खालच्या वस्तीवर जाऊन आदळते. म्हणजे पूर टळत नाही. एका पेठेतून दुसऱ्या पेठेत हस्तांतरित होतो. तळ बंद झाल्याने विहिरींना मिळणारा पाझर थांबतो. सपाट रुंद तळावर उन्हाळ्यात सांडपाण्याचा पातळ थर साचून राहतो, त्यातून दुर्गंधी आणि डास निर्माण होतात.

त्यातून आपली जमीन काळी, कापसाची. ही माती ओली झाली की फुगते आणि वाळली की तिला हातभर खोल भेगा पडतात. या हालचालीने पातळ काँक्रीटला तडे जातात, भिंती कलतात. घराच्या जोत्याला जाणाऱ्या भेगा पाहिलेल्या वऱ्हाडी माणसास हे समजाविण्याची गरज नाही.

मुंबईचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठी नावाची नदी या शहरात आहे, हे अनेकांना त्या दिवशी प्रथमच कळले. त्यानंतर पर्जन्यजलवाहिन्यांची क्षमता ताशी २५ ऐवजी ५० मिलिमीटर पावसाची धरण्याचे धोरण ठरले, मिठीचे रुंदीकरण झाले, भिंती उभ्या राहिल्या. सांडपाणी मात्र तिच्यात येतच राहिले. भिंतीने नदीचे पाणी अडते, शहराच्या सवयी अडत नाहीत.

चांगला आराखडा म्हणजे काय?

चांगल्या आराखड्याचे पहिले सूत्र : सांडपाणी आणि पावसाचे पाणी वेगळे करा. नाल्याच्या दोन्ही काठांनी सांडपाणी अडविणारी वाहिनी टाकावी लागते. नाल्यात उतरणारी प्रत्येक मोरी त्या वाहिनीस जोडावी लागते आणि ते पाणी शुद्धीकरण केंद्रापर्यंत न्यावे लागते. हे जमिनीखालचे काम आहे. ते दिसत नाही, त्याचे उद्घाटन शोभिवंत होत नाही. पण याशिवाय पुढची सर्व कामे व्यर्थ होत.

दुसरे सूत्र : नाल्याचे पात्र दुपदरी असावे. मध्यभागी लहान, खोलगट वाट. उन्हाळ्यातील थोडे पाणी तेवढ्यातूनच वाहील, साचणार नाही. तिच्या दोन्ही बाजूंस रुंद, गवताचे टप्पे. ते वर्षातील बहुतेक दिवस कोरडे राहतील आणि मोठ्या पावसात पाण्याला पसरण्यास जागा देतील. आपले नाले मूळचे पावसाळी आहेत. त्यांत बारमाही पाणी दाखविण्याचा अट्टहास नको. कोरडा पण स्वच्छ नाला हे वऱ्हाडातील नाल्याचे खरे रूप होय.

तिसरे सूत्र : पाण्याला धावू देऊ नका, चालू द्या. काठ दगडांच्या जाळीबंद भिंतींनी बांधावेत. त्या जमिनीच्या हालचालीबरोबर थोड्या हलतात, तुटत नाहीत, आणि पाणी झिरपू देतात. उतारावर वाळा लावावा, कारण त्याची मुळे खोल जाऊन माती धरून ठेवतात. काठावर करंज, अर्जुन, जांभूळ, उंबर अशी आपलीच झाडे असावीत. मात्र येथे प्रामाणिक हिशेब मांडला पाहिजे. गवताच्या पात्रातून पाणी हळू जाते, म्हणून तेवढेच पाणी वाहून नेण्यास त्याला रुंदी अधिक लागते. जेथे रुंदी नाही, तेथे वरच्या भागात पाणी थोपविण्याची सोय करावी लागते : तलाव, मैदाने, बागा आणि छपरांखालच्या टाक्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमरावतीच्या पाणीपुरवठ्यासाठी वडाळी आणि छत्री हे तलाव बांधले गेले. आज शहर अप्पर वर्धा धरणाचे पाणी पिते, म्हणून हे तलाव निरुपयोगी झाले असे नाही. गाळ काढलेला आणि पावसाळ्याच्या तोंडी थोडा रिकामा ठेवलेला तलाव आपल्या पाणलोटातील पुराचे माथे उतरवितो.

चौथे सूत्र : गाळ आणि कचरा नाल्यात शिरण्यापूर्वीच अडवा. प्रत्येक उपनाल्याच्या तोंडाशी गाळ बसण्यासाठी खोल कुंड आणि कचऱ्यासाठी जाळी असावी, आणि तेथपर्यंत यंत्र नेता येईल असा उतार असावा. जेथे यंत्र पोहोचत नाही, तेथे माणसाला उतरविले जाते. ही प्रथा लाजिरवाणी आहे आणि चांगल्या आराखड्याने ती टाळता येते.

यासाठी तज्ज्ञ फार दूर शोधावयास नकोत. नागपूर येथील ‘नीरी’ या १९५८ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय संस्थेने वनस्पती आणि दगड-खडी यांच्या साहाय्याने सांडपाणी शुद्ध करण्याची ‘फायटोरिड’ पद्धत विकसित केली आहे. नाल्याच्या पात्रातच टप्प्याटप्प्याने शुद्धीकरण करण्याची पद्धतही या संस्थेने तयार केली आहे. कर्दळीसारख्या वनस्पतींच्या मुळांशी असलेले सूक्ष्म जीव घाण पचवितात. मोठ्या केंद्राची जागा ही पद्धत घेणार नाही; परंतु एखादी वसाहत, वसतिगृह किंवा मंगल कार्यालय आपले पाणी स्वतःच्या आवारात शुद्ध करू इच्छील, तर मार्ग उपलब्ध आहे.

जगातील दोन अनुभव

सिंगापूरमध्ये जमीन सोन्याच्या भावाची. तरी तेथे कलांग नदीचा २.७ किलोमीटर लांबीचा सरळ काँक्रीटचा कालवा फोडून सुमारे ३.२ किलोमीटर लांबीचे वळणदार, दगड-गवताचे पात्र तयार करण्यात आले. बिशान-आंग मो किओ उद्यानातील हे काम २०१२ मध्ये पूर्ण झाले. उद्यान आणि नदी यांच्यामधील कुंपण गेले. कोरड्या दिवशी मुले काठावर खेळतात. पाणी चढू लागले की भोंगे आणि दिवे सूचना देतात, आणि तीच हिरवळ पुराचे पाणी सामावून घेते. जी जागा उद्यान आणि कालवा या दोन खात्यांवर वेगळी लिहिली होती, ती एकच खाते मानल्याने दोहोंचा लाभ झाला.

दक्षिण कोरियाची राजधानी सोल येथे चाँग्ग्येचॉन हा ओढा काँक्रीटने झाकून त्यावर उन्नत मार्ग बांधला होता. २००३ मध्ये तो पाडण्यास आरंभ झाला आणि २००५ मध्ये सुमारे ५.८ किलोमीटरचा ओढा पुन्हा उघडा झाला. आज ते शहराचे भूषण आहे. परंतु त्यात बारमाही दिसणारे पाणी मुख्यतः हान नदीतून पंपाने आणले जाते, आणि त्याचा खर्च कायमचा आहे. आपल्या पालिकांना तो परवडणार नाही. सिंगापूरकडून रचना घ्यावी. सोलकडून झाकलेला प्रवाह उघडण्याचे धैर्य घ्यावे, पंप घेऊ नयेत.

जागेचा प्रश्न

सर्वांत अवघड भाग हाच. महाराष्ट्रात नद्यांसाठी निळी आणि लाल पूररेषा आखण्याची पद्धत आहे. साधारणपणे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, तर १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. नद्यांप्रमाणेच शहरातील नाल्यांची हद्दही नगर भूमापनाच्या नकाशावरून निश्चित होऊन जागेवर खुणा रोवल्या गेल्या पाहिजेत. मालमत्ता खरेदी करताना मिळकत पत्रिका आणि बोजा आपण बारकाईने तपासतो, पण नकाशावर मागे नाला किती रुंद दाखविला आहे, हे क्वचितच कोणी पाहतो. ते पाहिले पाहिजे. पाण्याला मुदतीचा कायदा लागू नाही. शंभर वर्षांनीही ते आपल्या जागेवर हक्क सांगते.

अतिक्रमण म्हटले की बोट झोपड्यांकडे जाते. तेथील कुटुंबे निरुपायाने तेथे आली. पुराचा पहिला फटका त्यांनाच बसतो, आणि त्यांना अन्यत्र योग्य निवारा देणे हा आराखड्याचाच भाग असला पाहिजे. त्याच वेळी नाल्यावर सरकलेली पक्की भिंत, भरावावर बांधलेले गोदाम आणि स्लॅबने झाकलेला ओहोळ हेही अतिक्रमणच होय. कायद्याची फूटपट्टी दोघांना एकच असावी. समर्थाने आपली भिंत आधी मागे घेतली, तर दुर्बलास सांगण्याचा अधिकार प्राप्त होतो.

भांडवली खर्च आणि चालू खर्च

बँकेत कर्जप्रकरण तपासताना आम्ही दोन गोष्टी वेगळ्या पाहत असू : उभारणीचे भांडवल आणि खेळते भांडवल. यंत्रसामग्रीसाठी कर्ज मिळाले, पण रोजच्या व्यवहारास पैसा नाही, असे कारखाने हटकून आजारी पडत. सार्वजनिक कामांत हेच घडते. बांधकामास निधी येतो. गाळ काढणे, जाळी साफ करणे, झाडांना पहिली तीन वर्षे पाणी देणे यासाठी तरतूद नसते. म्हणून नाला सुधारणेच्या प्रत्येक अंदाजपत्रकात निदान दहा वर्षांच्या देखभालीची रक्कम वेगळी आणि राखीव असावी, असा आग्रह आपण धरला पाहिजे. हिशेब ठेवणे ही ज्या समाजाची ओळख आहे, त्या समाजाने पालिकेला विचारावयाचा हा सर्वांत उपयुक्त प्रश्न आहे.

समाजाची शक्तीही लहान नाही. २०१८ मध्ये शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात भारतीय जैन संघटनेने शासनाच्या सहकार्याने शंभराहून अधिक यंत्रे लावून तलाव व बंधाऱ्यांतील गाळ काढण्याचे मोठे काम केले आणि तो गाळ शेतांत गेला. ग्रामीण भागात जे जमले, ते शहरात का जमू नये? एवढेच लक्षात ठेवावे, की शहरी नाल्यात यंत्राने खोदकाम करण्यापूर्वी मोऱ्यांची जोडणी आणि पात्राचा आराखडा आवश्यक आहे; अन्यथा खोल केलेला नाला म्हणजे खोल केलेले गटार होईल.

आपल्या उंबरठ्यापासून

पालिका आपले काम करील तेव्हा करील. काही गोष्टी आपल्या हातात आजच आहेत. आपल्या घराची, दुकानाची, कारखान्याची मोरी नेमकी कोठे जाते, हे प्रत्येकाने तपासावे. भुयारी गटार दारापर्यंत आली असेल, तर जोडणी घेण्यास विलंब करू नये.

छपराचे पाणी साठवावे. १० हजार चौरस फुटांच्या गोदामावर ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे ४६ हजार लिटर पाणी होते. १० हजार लिटरचे साडेचार टँकर. पहिल्या सरीचे मळके पाणी सोडून द्यावे, नंतरचे टाकीत घ्यावे, आणि टाकी भरल्यावर वाळू-खडीच्या गाळणीतून विहिरीत किंवा बोअरमध्ये सोडावे. काळ्या मातीत पायाजवळ शोषखड्डा मात्र करू नये, जोत्याला धोका होतो. एका बाजारपेठेतील शंभर छपरांनी हे केले, तर त्या सायंकाळी नाल्यात जाणारे ४६ लाख लिटर पाणी थांबेल. यास कोणाचीही परवानगी लागत नाही.

आवारात सर्वत्र फरशी वा काँक्रीट घालण्याचा मोह आवरावा. पॅकिंगचे प्लास्टिक, थर्माकोल, सुतळीचे तुकडे बाजार उठल्यावर नाल्याच्या दिशेने झाडले जाणार नाहीत, याची जबाबदारी व्यापारी संघाने गल्लीनिहाय वाटून घ्यावी.

पाणी गाळून वापरावे आणि गाळण्यावर राहिलेले जीव ज्या पाण्यातून आले त्याच पाण्यात अलगद सोडावे, हा संस्कार आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. घेताना जेवढी काळजी, तेवढीच परत करताना, हा त्यातील विचार. पाणी घेण्याच्या बाजूची शिस्त आपण आजही पाळतो. घराबाहेर सोडलेल्या पाण्याच्या बाबतीत ती मागच्या दारापाशी संपते. ती नाल्यापर्यंत न्यावयाची आहे, एवढेच.

येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक पेठेतील दोन-चार जाणत्या मंडळींनी एकत्र येऊन आपल्या भागातील नाल्याचा नगर भूमापन नकाशा मिळवावा आणि तो हाती घेऊन एकदा नाल्याच्या काठाने चालून यावे. कोठे मोरी उतरते, कोठे रुंदी घटली, कोठे पुलाची कमान बुजली, याची यादी करावी आणि ती आपल्या नगरसेवकाकडे व पालिकेच्या अभियंत्याकडे लेखी द्यावी. पोच घ्यावी. तीन महिन्यांनी पुन्हा विचारणा करावी. वसुलीत यश कसे येते, हे व्यापाऱ्यास शिकवावे लागत नाही : तारीख लक्षात ठेवावी लागते आणि माणूस पाठवावा लागतो.